लेखनाची फ्रीलान्स कामं ऑनलाइन नेमकी मिळतात कुठे?

स्लाइडवाली
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, घरच्या कारणाने नोकरी सोडली. मराठी चांगलं लिहिते, इंग्रजी नीटनेटकं लिहिते, टायपिंग दोन्हीत येतं. आता घरून लेखनाचं काम करायचं आहे. शोधायला गेलं की एकतर "मोबाइलवरून कमवा" छाप व्हिडिओ सापडतात, नाहीतर पन्नास वेबसाइटींच्या याद्या. अपवर्क आणि फाइव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटींवर खाती उघडली आहेत. प्रोफाइलमध्ये कंटेंट रायटर, ब्लॉग रायटर, ट्रान्सलेटर, प्रूफरीडर, डेटा एंट्री असं सगळं टाकलंय. प्रपोजल्स पाठवली, उत्तर कुणाचंच नाही.

ही कामं खरंच मिळतात का? कुठे? आणि जिचं नाव आजवर कुठेच छापून आलेलं नाही तिने सुरुवात कुठून करायची? ज्यांना प्रत्यक्ष पैसे मिळालेत त्यांनी सांगितलं तर बरं होईल. ऐकीव माहिती माझ्याकडे भरपूर आहे.

पानाआड
वाचतोय. हाच प्रश्न मलाही होता. धागा माझ्या निवडक दहात (आवडत्या धाग्यांत) टाकला.

तिरकस
ताई, आधी ती "डेटा एंट्री" काढा. डॉक्टरच्या पाटीवर "येथे छत्र्याही दुरुस्त करून मिळतील" असं लिहिलेलं दिसलं तर तुम्ही आत जाल का?

जुना_खांब
तिरकस यांच्याशी सहमत, पण प्रोफाइल हा अर्धाच भाग झाला. ही साइट चालते कशी ते कुणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

अपवर्कचं नाव ओडेस्क होतं तेव्हापासून मी तिथे आहे. इलान्स आणि ओडेस्क या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि २०१५ मध्ये अपवर्क हे नाव आलं. तिथे अर्ज करायला 'कनेक्ट्स' लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात, एकेक पंधरा सेंटला. एका कामासाठी बरेच कनेक्ट्स जातात. म्हणजे दिसेल तिथे अर्ज टाकत सुटलात तर काम मिळण्याआधी खिसा रिकामा होतो. मिळालेल्या पैशातून कमिशन कापलं जातं ते वेगळंच. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झालं होतं, २०२५ पासून नव्या करारांना ० ते १५ टक्क्यांमध्ये कितीही लागू शकतं. अर्ज करताना तो आकडा दिसतो, तो बघून मगच भाव सांगा.

अर्ज करण्याआधी मी क्लायंटची कुंडली बघतो. पेमेंट व्हेरिफाइड आहे का. आजवर जाहिराती किती टाकल्या आणि त्यातून माणसं किती घेतली. वीस जाहिराती टाकून एकच माणूस घेणारे बरेच असतात, ते नुसते भाव काढत फिरतात. आधीच्या लेखकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय आणि त्याने त्यांच्याबद्दल काय लिहिलंय. प्रत्येकाला खडूस शेरा मारणारा माणूस तुमच्याशीही तसाच वागणार. आणि क्लायंटने जाहिरात शेवटची कधी उघडून पाहिली. टाकून आठवडा झाला आणि त्याने पुन्हा डोकावलंही नाही, तर कनेक्ट्स वाया घालवू नका.

पैशांचं म्हणाल तर ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंट ती रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटच्या ताब्यातल्या खात्यात, भरतो. ती भरलेली दिसल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. लेख सिस्टीममधून सबमिट केला की त्याला १४ दिवस मिळतात. त्यात त्याने काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात, वर पाच दिवसांचा होल्ड. गंमत अशी की पुष्कळ जण लेख चॅटमध्ये पाठवतात आणि 'सबमिट'चं बटण दाबतच नाहीत. मग ते १४ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

तासाच्या हिशेबाने काम घेतलं तर त्यांचं ॲप दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतं. काहींना ते सहन होत नाही. मला चालतं, पण लेखनात अर्धा वेळ छताकडे बघण्यात जातो, तो कसा दाखवणार? म्हणून लेखाला ठरलेली रक्कमच बरी.

स्लाइडवाली
@जुना_खांब, खूप आभार. ते बटणाचं मला माहीतच नव्हतं. आणि फाइव्हर?

जुना_खांब
ते उलटं आहे. तिथे तुम्ही दुकान मांडून बसता आणि गिऱ्हाईक शोधत येतं. २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा प्रत्येक काम पाच डॉलरला होतं, म्हणून ते नाव. आता भाव तुम्हीच ठरवता, पण विकणाऱ्याकडून २० टक्के कापतात आणि काम पूर्ण झाल्यावर नव्या माणसाचे पैसे १४ दिवस अडकतात. "आय विल राइट एनी आर्टिकल" असं गिग (म्हणजे आपल्या कामाची पाटी) टाकणारे तिथे अगणित आहेत. नेमकं एखादं गिग असेल तर चालतं, उदाहरणार्थ मराठी सबटायटल्स, किंवा औषधांच्या माहितीपत्रकाचं सोपं मराठी.

लाल_शाई
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. आरोग्य आणि विज्ञानाच्या मजकुराचं संपादन करते, बाहेरच्या लेखकांकडून लेख घेते. तेव्हा तिकडून काय दिसतं ते सांगते.

चांगलं काम जाहिरातीत फारसं येतच नाही. मला लेख हवा असतो तेव्हा मी आधी वेळेवर देणाऱ्या जुन्या लेखकांना विचारते, मग त्यांनी सुचवलेल्यांना, मग ज्यांची मेल लक्षात राहिली त्यांना. एवढं करून कुणी मिळालंच नाही तर जाहिरात. म्हणजे जाहिरात दिसते तेव्हा आधीच्या तिन्ही गाळण्यांतून ते काम खाली उतरलेलं असतं. तरी तिथेच गर्दी सगळ्यात जास्त.

रोज येणाऱ्या मेल्सपैकी बहुतेक "मला लिहायची आवड आहे" इथून सुरू होतात. आवड मलाही आहे हो. मला लेख हवा असतो. विषय काय, त्यात नवं काय, आणि तो तुम्हीच का लिहावा, हे पहिल्या तीन ओळींत दिसलं तर मी चौथी वाचते.

स्लाइडवाली, एक विचारते. लॅबमध्ये असताना अशी कुठली गोष्ट होती जी तुम्हाला रोज दिसायची आणि बाहेरच्या माणसाला अजिबात माहीत नसते?

स्लाइडवाली
अशा खूप आहेत. पटकन सुचतंय ते सांगते. लोकांना वाटतं रिपोर्ट चुकला म्हणजे मशीन बिघडलं. प्रत्यक्षात चूक बहुतेकदा मशीनपर्यंत पोहोचायच्या आधीच झालेली असते. रक्त घेताना सुई फार बारीक असली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला किंवा नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करण्याऐवजी घुसळली तर तांबड्या पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम खूप असतं, ते बाहेर येतं आणि रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं दिसतं. माणूस घाबरतो. त्याला काहीच झालेलं नसतं. नळी यंत्रात गरगर फिरवून झाल्यावर वरचं पाणी पिवळसरऐवजी गुलाबी दिसलं की आम्हाला कळायचं. दंडाला पट्टा बांधून "मूठ उघडा, मिटा" असं करायला लावलं तरी पोटॅशियम वाढलेलं येऊ शकतं.

दुसरी गोष्ट उपाशीपोटी येण्याची. कोलेस्टेरॉलसाठी सगळे उपाशी येतात. युरोपातल्या तज्ज्ञसंस्थांनी २०१६ मध्येच सांगितलंय की लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, तपासणीला दरवेळी उपाशी राहायची गरज नाही. त्यातलं ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तर पुन्हा उपाशीपोटी बघायचं. साखरेचं वेगळं. पण लोक चक्कर येईपर्यंत उपाशी थांबतात.

लाल_शाई
झालं की! हे दोन लेख आहेत. आणि तुम्ही प्रोफाइलमध्ये "ब्लॉग रायटर" लिहून बसला आहात.

तिरकस
मी तर आता स्वतःचे जुने रिपोर्ट शोधायला उठलो.

अनुवादी
थोडं अनुवादाबद्दल, कारण मूळ प्रश्नात ते होतं.

अनुवादाची कामं मुख्यतः एजन्सींकडून येतात. त्यांना गाठायची जुनी जागा म्हणजे प्रोझ डॉट कॉम, १९९९ पासून आहे. तिथे 'ब्लू बोर्ड' नावाची सोय आहे, कुठली एजन्सी पैसे देते आणि कुठली रखडवते हे अनुवादकांनीच नोंदवलेलं असतं. काम घेण्याआधी मी ती बघतेच. भाव मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरतो, अनुवादाच्या नव्हे. एजन्सी 'कॅट टूल' विचारतात, म्हणजे अनुवादाला मदत करणारं सॉफ्टवेअर, ट्रॅडॉस, मेमोक्यू वगैरे. पैसे न घालता शिकायचं तर ओमेगाटी आहे, ते मोफत आहे.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, आता बरंचसं काम 'मशीनने केलेला अनुवाद सुधारा' अशा स्वरूपात येतं आणि त्याचा भाव कमी असतो. नमुना पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. मशीनचा मजकूर इतका वाईट असू शकतो की नव्याने लिहिणं परवडतं. दोन, आमच्याकडे बायोडेटा चोरतात. तुमच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलने भलताच माणूस कामं उचलतो, मशीनमधून काढून देतो आणि नाव तुमचं खराब होतं. बायोडेटा कुणीही उतरवून घेईल असा उघड्यावर ठेवू नका.

स्लाइडवाली, वैद्यकीय अनुवादात तुमच्यासारखी माणसं कमी आहेत. क्लिनिकल ट्रायलमध्ये (औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांत) भाग घेणाऱ्यांना द्यायची संमतिपत्रं, रुग्णांसाठीची पत्रकं, यांना लॅबची भाषा येणारा अनुवादक लागतो.

स्लाइडवाली
लाल_शाई ताई, तुमचं वाचून लगेच एक मेल लिहून पाहिली. अजून पाठवलेली नाही. इथे टाकते, फाडा.

"आदरणीय संपादक महोदय, मी एक उत्साही व होतकरू लेखिका असून मला आरोग्य, जीवनशैली, पर्यटन, तंत्रज्ञान अशा विविध विषयांवर लेखन करण्याची मनापासून आवड आहे. मी पॅथॉलॉजी क्षेत्रात कार्यरत होते. आपल्या प्रतिष्ठित संकेतस्थळासाठी दर्जेदार लेखन करण्याची संधी मिळाल्यास मी त्या संधीचे सोने करीन. मानधनाबाबत कोणतीही अपेक्षा नाही. कळावे, लोभ असावा."

तिरकस
"मानधनाबाबत कोणतीही अपेक्षा नाही." अहो, मग हा धागा कशाला काढलात? :)

लाल_शाई
फाडते.

"उत्साही व होतकरू" काढा. होतकरू आहोत हे आपण स्वतः कशाला सांगायचं? चार विषयांची यादी काढा. त्यात तुमचा विषय एकच आहे आणि तो तिघांच्या गर्दीत दबलाय. "पॅथॉलॉजी क्षेत्रात कार्यरत" हे सरकारी पत्र झालं. रक्ताच्या नळ्या हाताळल्यात ना, तसं लिहा. सोनंबिनं राहू दे. मानधनाचं वाक्य तर आधी पुसा, मग बाकीची मेल.

आणि "महोदय" कोण? साइटवर संपादकाचं नाव असतं, ते शोधा. सापडलं नाही तर नुसतं "नमस्कार".

स्लाइडवाली
हे कसं वाटतंय?

"विषय: लेखाचा प्रस्ताव. रक्ताचा रिपोर्ट चुकतो तो मशीनच्या आधी.

नमस्कार. रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आलं म्हणून धास्तावून पुन्हा तपासणीला आलेले अनेक लोक मी लॅबमध्ये पाहिले. काहींचं पोटॅशियम मुळात वाढलेलं नसायचंच. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. सुई टोचल्यापासून नळी मशीनमध्ये जाईपर्यंत काय काय बिघडू शकतं, आणि रक्त देणाऱ्याने काय विचारावं, काय टाळावं, यावर सुमारे ९०० शब्दांचा लेख लिहू इच्छिते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लिहिण्याचा नमुना सोबतच्या दुव्यावर आहे. आपल्याला रस असेल तर दहा दिवसांत लेख देऊ शकेन. आपल्याकडे मानधनाची पद्धत काय आहे, तेही कळवावं."

लाल_शाई
ही मेल मी वाचली असती. एकच सुधारणा: त्यांच्या साइटवर याच्या जवळपास जाणारा एखादा लेख आला असेल तर तो वाचून, "त्यात हे आलेलं नाही" एवढी एक ओळ घाला. तुम्ही साइट वाचता हे कळतं, आणि हे छापून झालंय म्हणून नाकारायचं कारणही उरत नाही.

पानाआड
पण नमुना कुठून आणायचा? छापून आल्याशिवाय नमुना नाही, आणि नमुन्याशिवाय छापत नाहीत. आणि माझ्याकडे लॅबसारखं काही नाही, मी साधा अकाउंट्समधला माणूस.

जुना_खांब
@पानाआड, छापून आलेलाच नमुना हवा असं नाही. स्वतःचा ब्लॉग काढा किंवा मीडियम या ब्लॉगच्या साइटवर टाका. तीन लेख पुरे, पण तिन्ही एकाच विषयातले. एक समजावणारा, एक मत मांडणारा, एक कुणाशी तरी बोलून लिहिलेला. तिसरा बहुतेक जण टाळतात, म्हणून तोच उठून दिसतो.

आणि "साधा अकाउंट्समधला" काय? हिशेबाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना ब्लॉगसाठी असाच माणूस हवा असतो. ज्याने कधी महिनाअखेरीचा ताळा घातलेला नाही त्याने लिहिलेला लेख दुसऱ्या परिच्छेदात उघडा पडतो. अशा कंपन्यांमध्ये लेख मागवणारा माणूस 'कंटेंट मॅनेजर' नाहीतर 'मार्केटिंग'मधला असतो. लिंक्डइनवर नाव मिळतं. वर ताईंनी लिहिली तशीच मेल त्याला पाठवायची.

तिरकस
फुकट लिहू नका म्हणजे मिळवलं. "सध्या बजेट नाही, पण एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्यांचा स्वतःचा पगार मात्र दरमहा जमा होत असतो.

लाल_शाई
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. जिथे लिहिल्याने तुमचे खरे वाचक वाढतात, उदाहरणार्थ त्या क्षेत्रातली एखादी ना-नफा संस्था किंवा व्यावसायिकांचं नियतकालिक, तिथे एखादा लेख विनामोबदला दिला तर बिघडत नाही. मात्र जो त्या मजकुरावर जाहिराती लावून कमावतो त्याला फुकट देऊ नये.

चाचणी लेखाचंही असंच. छोटी चाचणी चालते. पूर्ण लांबीचा, त्यांच्याच विषयावरचा, लगेच छापता येईल असा लेख "टेस्ट" म्हणून मागत असतील तर पैसे मागा. दहा उमेदवारांकडून दहा विषय लिहून घेऊन कुणालाच न नेमणारे असतात.

निद्रानाश
सगळं ठीक, पण खोलीतल्या हत्तीबद्दल कुणी बोलत नाहीये. चॅटजीपीटी येऊन बरीच वर्षं झाली. आता लेखक कोण कशाला घेईल?

जुना_खांब
नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं आणि पुढच्या काळात माझी दोन नेहमीची कामं गेली, खोटं कशाला बोलू. "पाचशे शब्दांत दहा टिप्स", वस्तूंची वर्णनं, असलं ठोक काम. ते परत येईल असं मला वाटत नाही. नव्या माणसाचा पूर्वी त्याच कामांवर हात बसायचा, ती पायरीच गेली. हे सुरुवात करणाऱ्यांचं खरं नुकसान आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

राहिलंय ते मशीनला माहीत नसलेलं. ताईंना नळीतलं गुलाबी पाणी डोळ्यांनी दिसलंय. मुलाखत घ्यायची तर फोन माणसालाच करावा लागतो. आणि मजकूर चुकला तर जबाबदार कोण, याचं उत्तर क्लायंटला हवं असतं.

निद्रानाश
आणि आपण स्वतः लिहूनही "एआयने लिहिलंय" असा आरोप झाला तर? माझ्या बहिणीला एका साइटने लेख परत केला, त्यांच्या डिटेक्टरने म्हणे ८० टक्के एआय दाखवलं. पैसेही नाहीत.

लाल_शाई
त्या डिटेक्टरांवर मी अजिबात विसंबत नाही. ओपनएआयने स्वतःचा असा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध डिटेक्टर्सनी मशीनचे ठरवले. साधे शब्द, सरळ वाक्यं, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्यासारख्यांना हे नेमकं लागू पडतं.

उपाय साधा आहे. गूगल डॉक्समध्ये लिहायचं. त्यात व्हर्जन हिस्टरी राहते, खाडाखोड दिसते. वाद झाला की तो दुवा द्यायचा. आणि कामाआधीच विचारायचं: एआयबद्दल तुमचा नियम काय, डिटेक्टर वापरता का, वापरत असाल तर निर्णय कोण घेतं? त्यांनी "पूर्ण बंदी" म्हटलं तर ती पाळायची. चोरून वापरून वर तत्त्वज्ञान सांगणारे लेखकही माझ्याकडे आलेत.

अनुवादी
+१. इतिहास असलेली फाइल अनुवादातही कामी येते.

पानाआड
मला काल टेलिग्रामवर एकाने "पुस्तकाची पानं टाइप करा, प्रत्येक पानाला पैसे" म्हणून विचारलं. नोंदणीसाठी थोडी रक्कम भरायची आहे. घ्यावं का?

तिरकस
नाही. नाही. आणि पुन्हा नाही.

जुना_खांब
काम देणारा पैसे मागतो तिथेच विषय संपला. नोंदणी फी, सॉफ्टवेअर फी, सुरक्षा ठेव, ट्रेनिंग फी, नावं बदलतात फक्त. टायपिंगच्या कामात आणखी एक सापळा असतो. एक 'ॲग्रीमेंट' सही करून घेतात, त्यात अचूकतेची अशक्य अट असते. शेवटी "तुमचं काम नापास, करारभंग झाला, दंड भरा" असं वकिलाच्या नावाचं पत्र येतं. लोक घाबरून भरतात. भरायचं नाही, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करायची. स्कॅन केलेली पानं वाचून टाइप करायचं काम आज सॉफ्टवेअर करतं, त्याला माणूस का लागतोय, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरतं.

ओळखीच्या प्रकाशनाच्या किंवा कंपनीच्या नावानेही मेल येतात. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @च्या पुढे काय आहे ते अक्षर अक्षर वाचा, आणि त्या संस्थेच्या साइटवर जाऊन तिथल्या पत्त्यावर उलट विचारा. अपवर्कवर कुणी करार व्हायच्या आधीच "व्हॉट्सॲपवर या" म्हणालं तर ते तिथल्या नियमातच बसत नाही. बाहेर गेलात की एस्क्रोही गेला.

अनुवादी
फसवणूक नसलेले पण नको तसले दोन प्रकारही सांगून ठेवते. न वापरलेल्या वस्तूंचे रिव्ह्यू लिहायचं काम, आणि पैसे घेऊन विकिपीडियावर पान लिहून द्यायचं काम. खोट्या रिव्ह्यूंवर अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये नियम करून बंदी आणली. विकिपीडियावर पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि "गुपचूप करा" असंच तर क्लायंट सांगत असतो. पान उडवलं गेलं की पैसे परत मागतो तो वेगळाच.

स्लाइडवाली
भाव कसा सांगायचा? मला आकडा सांगायचाच संकोच वाटतो.

जुना_खांब
आधी स्वतःचा हिशेब. लेख लिहायला किती तास, वाचन किती, फोन किती, दुरुस्त्या किती. नवे लोक फक्त लिहिण्याचे तास धरतात. सगळे मिळून येतील त्यांना तुमच्या तासाच्या अपेक्षेने गुणा. मग ते शब्दावर सांगा किंवा लेखावर, ती बोलायची पद्धत झाली. अंदाज घ्यायला अमेरिकेतल्या एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशनचा दरांचा तक्ता नेटवर खुला आहे. तो जसाच्या तसा सगळीकडे चालत नाही, पण कुठल्या कामाला साधारण काय दर असतो याचा अदमास येतो.

"तुमचं बजेट काय?" असं आधी विचारायला हरकत नाही. आकडा सांगितला की गप्प बसायचं. सांगून लगेच "पण कमीजास्त करता येईल" म्हटलं की तो कमीच करणार.

आणि दोन दुरुस्त्या भावात धरलेल्या, तिसरीला वेगळे पैसे, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर क्लायंटच्या भाच्यालाही दुरुस्ती सुचते.

तिरकस
भाच्याला अनुमोदन. माझ्या एका लेखावर क्लायंटच्या संपूर्ण कुटुंबाचे अभिप्राय आले होते.

स्लाइडवाली
मंडळी, ती पोटॅशियमची मेल इंग्रजीत करून एका इंग्रजी आरोग्यविषयक साइटला पाठवली होती. आज उत्तर आलं! संपादक म्हणतात ९००ऐवजी ७०० शब्द हवेत, मानधन "प्रसिद्धीनंतर", आणि सोबत दोन पानी इंग्रजी करार. त्यात "ऑल राइट्स" असं काहीतरी आहे. सही करू का? हात थरथरतायत.

लाल_शाई
अभिनंदन! सही उद्या करा, आज प्रश्न विचारा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, संपादकांना सवय असते.

"प्रसिद्धीनंतर" म्हणजे कधी? लेख स्वीकारूनही महिनोन्महिने पडून राहू शकतो. म्हणून "स्वीकारल्यावर मानधन मिळू शकेल का" असं विचारा. नाही म्हणाले तर "लेख अमुक मुदतीत आला नाही तर मानधन मिळेल का" हे विचारा. तुमचा लेख मागवून, लिहून घेऊन नंतर त्यांनी नाकारला तर काही टक्के रक्कम देण्याची पद्धत असते, तिला किल फी म्हणतात. ती करारात आहे का बघा.

"ऑल राइट्स" म्हणजे सगळे हक्क त्यांचे. हाच लेख पुढे तुम्हाला दुसरीकडे किंवा स्वतःच्या पुस्तकात वापरता येणार नाही. पहिला लेख आहे, साइट चांगली आहे, तर मी फार ताणलं नसतं. पण "पोर्टफोलिओत दाखवायला आणि मराठीत स्वतः वापरायला परवानगी असावी" एवढी ओळ मागून बघा. पुष्कळदा देतात. "लेखामुळे कुणी दावा केला तर सगळा खर्च लेखकाचा" असं कलम असेल तर मात्र थांबा, आणि "माझ्या माहितीप्रमाणे मजकूर खरा व स्वतःचा आहे" इतपतच जबाबदारी ठेवायला सांगा.

जुना_खांब
अभिनंदन ताई! पैसे कसे येणार तेही आत्ताच विचारा. परदेशातून येणार असतील तर पेपाल, पेओनिअर, वाइज यांपैकी काय चालतं, कापलेली फी कोण सोसणार. कंपनी अमेरिकन असेल तर बहुधा डब्ल्यू-८बीईएन फॉर्म मागतील. तुम्ही तिथल्या करदात्या नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं, घाबरू नका. मिळकत आपापल्या देशातल्या करात दाखवायची, ती वही पहिल्या लेखापासूनच घाला.

आणि लेख प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी पीडीएफ काढून ठेवा, शिवाय वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करा. साइट बंद पडतात, नव्याने बांधतात, जुने दुवे मरतात. माझी सुरुवातीची निम्मी कामं आज कुठेच दिसत नाहीत.

स्लाइडवाली
विचारलं. स्वीकारल्यापासून ३० दिवसांत मानधन द्यायला तयार झाले. किल फी नाही म्हणाले. मराठीत वापरायला परवानगी दिली, तीही मेलवर लेखी. दाव्याचं कलम नव्हतं. सही केली.

आता ते म्हणतात लेखासोबत इन्व्हॉइस पाठवा. त्यावर काय काय लागतं? क्रमांक १ टाकू?

तिरकस
१०१ टाका. पहिलंच गिऱ्हाईक आहे हे त्यांना कशाला कळायला हवं?

लाल_शाई
:) क्रमांक काहीही चालतो, पुन्हा तोच नको. तुमचं नाव-पत्ता, त्यांचं नाव-पत्ता, तारीख, लेखाचं शीर्षक, ठरलेली रक्कम आणि चलन, "स्वीकारल्यापासून ३० दिवसांत देय" ही ओळ, आणि पैसे कुठे पाठवायचे ते. मुदत टळली तर दुसऱ्या दिवशी तोच इन्व्हॉइस जोडून दोन ओळींची आठवण द्यायची, माफी मागत नव्हे. बहुतेक वेळा अकाउंट्समध्ये अडकलेला असतो.

आणि उपाशीपोटीचा दुसरा विषय त्यांना पहिला लेख स्वीकारल्याच्या मेलला उत्तर देतानाच सुचवा. तेव्हा तुमचं नाव त्यांच्या डोक्यात ताजं असतं.

पानाआड
अकाउंट्समध्ये अडकतो ते खरं आहे, अडकवणारे आम्हीच. इन्व्हॉइस फोटो काढून पाठवू नका, पीडीएफ पाठवा. आणि विषयाच्या ओळीत क्रमांक लिहा, आम्हाला शोधायला तोच लागतो.

@अनुवादी, ते ओमेगाटी देवनागरीला चालतं का?

अनुवादी
चालतं, युनिकोड आहे. त्याला 'जावा' नावाचं सॉफ्टवेअर लागतं, पण विंडोजसाठी ते सोबत घेऊन येणारी आवृत्ती असते, ती उतरवा. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.